वीतभर काच

आवाज तसा लहानच होता. हसन अब्दाल गाव मागे पडलं, समोरून एक बस गेली, तिच्या चाकाखालून खडा उडाला आणि मीरदादच्या ट्रकच्या काचेवर टक् झालं. त्याला वाटलं, झालरीतला एखादा मणी तुटून पडला असेल. ती झालर त्याच्या बायकोने, सफूराने, हवेलियाँच्या घरी बसून ओवली होती आणि दोरा आता जुना झाला होता. त्याने पायाशी बघितलं, तर मणी नव्हता. मग काचेच्या डाव्या अर्ध्या भागावर जो मोठा ससाणा चिकटवलेला होता त्याच्या पंखामागून एक बारीक रेघ निघालेली दिसली. रावळपिंडी येईपर्यंत त्या रेघेने ससाणा ओलांडला, खालची गुलाबांची रांग ओलांडली आणि शेवटी ती मीरदादच्या पट्टीत शिरली. पट्टी म्हणजे काचेवरच्या सगळ्या नक्षीकामातून ड्रायव्हरसमोर मोकळी ठेवलेली जागा, हातभर लांब आणि वीतभर रुंद. वर रंगीत कागदाची कमान आणि सफूराची झालर, खाली आरशांचे तुकडे आणि प्लास्टिकची फुलं, डावीकडे ससाणा, आणि उरलेल्या त्या वीतभर जागेतून मीरदाद जवळजवळ तीस वर्षं जग बघत आला होता. जग त्यात व्यवस्थित मावत होतं. आता मात्र रस्ता रेघेच्या अलीकडेही होता आणि पलीकडेही होता. आपल्यासमोर काच आहे ही गोष्टच जणू त्याला त्या संध्याकाळी नव्याने कळली, आणि काही कारण नसताना तो अस्वस्थ झाला.

सकाळी उजाडताच काचवाल्याने जुनी काच उतरवली, पण ती एका तुकड्यात उतरली नाही. ससाण्याची मान एकीकडे गेली आणि पंजे एकीकडे. मीरदादने फक्त झालर सोडवून घेतली, घडी करून खिशात ठेवली आणि स्टुलावर बसून चहा पिता पिता तो त्या तुकड्यांकडे बघत राहिला. नवी काच बसली तेव्हा ती बसली आहे की नाही हेच कळेना, इतकी ती स्वच्छ होती. काचवाल्याने फडकं मारलं, दोन पावलं मागे सरकून गाडीकडे बघितलं आणि त्याचं तोंड वाकडं झालं. "लाला, चादर टाकून ने हिच्यावर. नवी काच उघडी फिरवत नाहीत. नजर लागते."

"चादर टाकली तर मला दिसणार कसं?"

"आधी तरी काय दिसत होतं?" काचवाला म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

चादर मीरदादने टाकली नाही, पण मन खट्टू झालं हे खरं. पिंडीत ट्रक म्हणजे नवरी. डोक्यावर लाकडी ताज हवा, टपाच्या पुढे हातभर आलेला. दारं कोरीव शिसवी हवीत. बंपरला साखळ्या आणि काळ्या वेण्या हव्यात, आणि काचेवर तर तिचा घुंगटच. एवढं सगळं घालून तिला रस्त्यावर काढली की मग तिला काही होत नाही, असं सगळे धरून चालतात. त्याच्या मेव्हण्याचा, तवक्कल हुसेनचा, सजावटीचा कारखाना पीरवधाईला होता. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एवढाच काय तो रस्ता, दुपारपर्यंत काच पुन्हा झाकली जाणार होती. तेवढ्यापुरती लाज गिळायची, अशा हिशेबाने मीरदाद वर चढला, बिस्मिल्ला म्हणाला, गाडी सुरू केली आणि समोर बघितलं.

समोर आकाश होतं. आता आकाश त्याने काय बघितलं नव्हतं? रोज ढाब्याच्या खाटेवर उताणा पडून तो आकाशच बघायचा. पण स्टिअरिंग हातात असताना, गाडी चालती असताना, त्याच्या आणि रस्त्याच्या वर एवढं मोठं काहीतरी असतं हे त्याने कधी धरलंच नव्हतं. ते त्याच्याबरोबर पुढे सरकत होतं. खाली रस्ता बॉनेटपाशी येऊन गाडीखाली जात होता. आजवर रस्ता नुसता लांबून यायचा आणि कुठेतरी संपायचा. कुठे, याचा विचार करायचं कारण पडलं नव्हतं. राजा बाजारच्या चढाला दुकानांवरचे दुसरे मजले दिसले, त्यांच्या लाकडी गॅलऱ्या, गॅलरीत वाळत घातलेली लाल रजई, रजईमागून डोकावणारी एक म्हातारी. ती म्हातारी थेट त्याच्याकडे बघत होती. मीरदादचा हात आपोआप पगडीकडे गेला. आपल्याला लोक दिसतात तसे आपणही लोकांना दिसतो आहोत, हे लक्षात आल्यावर तो एखाद्या नवख्यासारखा ताठ बसला. इतकी वर्षं या रस्त्यावरून त्याची गाडी जात होती, तिचा मोर जात होता, तिचा ताज जात होता. तो स्वतः आज पहिल्यांदा जात होता. त्याला भीती वाटली आणि त्याच वेळी छातीत काहीतरी भरून आलं.

उस्ताद जबरखान म्हणायचा, जेवढं दिसतं तेवढंच बघ, जास्त बघितलं तर माणूस घाबरतो. मीरदादला गाडी शिकवली ती जबरखाननेच. पट्टीतून बघायची एक रीत असते. मान हलवायची नाही. पट्टीत काही आलं तर ते आहे, पट्टीतून गेलं तर ते गेलं. बाकीचं लोकांनी बघायचं. एवढी मोठी झगमगती गाडी त्यांना दिसत नाही की काय? आणि लोक बघतही होते. अटकेपासून लाहोरपर्यंत कुठेही जा, सजलेली गाडी आली की पोरं ओरडतात, चहावाले हात वर करतात, हवालदारसुद्धा काठी उचलतो. त्या हातांना हॉर्नने उत्तर द्यायचं. जबरखानच्या हॉर्नला पाच सूर होते आणि मीरदादने स्वतःच्या गाडीला अगदी तसाच हॉर्न लावून घेतला होता. जबरखान गेला तो धुक्यातल्या एका पहाटे. रस्त्याच्या कडेला लाकडं भरलेली गाडी उभी होती, ती त्याच्या पट्टीत आलीच नाही. मीरदाद तिथे पोचला तेव्हा धुकं निवळत होतं. लाकडी दारं दोन्ही बाजूंना उघडून पडली होती. ताज उडून शेतात गेला होता आणि गव्हात सरळ उभा होता. त्यावरच्या मोराचं एक पीसही हललं नव्हतं. रेल्वेच्या रुळाचं लोखंड वितळवून बनवलेला तो बंपर, त्याला पोचासुद्धा आलेला नव्हता. लोक बंपरवर हात फिरवत होते, काय चीज आहे म्हणत होते. बंपर वाकला नाही, धक्का त्याने जसाच्या तसा मागे दिला आणि तो सगळा उस्तादच्या छातीने घेतला, असं तेव्हा कोणी म्हणालं नाही. मीरदादच्याही मनात आलं नाही. चाळीसाव्या दिवसाची फातेहा झाल्यावर उस्तादच्या भावाने तो बंपर मीरदादला दिला, आशीर्वाद म्हणून, आणि मीरदादने तो डोळ्यांना लावून घेतला. त्यावर कमरेच्या उंचीचा नक्षीदार जंगला, म्हणजे लोखंडी कठडा, चढवून घेतला तो नंतर. आज या उघड्या काचेतून तो जंगला पहिल्यांदाच नीट दिसत होता, बॉनेटच्या पुढे उभा राहिलेला, आणि धुक्यातली ती सकाळ त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. मोराचं पीस हललं नव्हतं, एवढंच तो पुन्हा पुन्हा आठवत होता.

लई नावाच्या नाल्याचा पूल उतरला की एक आडवं वळण आहे. तिथे त्याचा एक ओळखीचा माणूस होता. ओळखीचा म्हणजे काय, त्या माणसाचा हात ओळखीचा होता. मंडीत माल घेऊन जाताना रोज सकाळी वळणाच्या अलीकडे पट्टीच्या डाव्या टोकाला एक हात वर व्हायचा, त्यात जोडा शिवायचा लाकडी साचा असायचा, आणि पाहता पाहता तो हात ससाण्यामागे जायचा. पाऊस असो, थंडी असो, हात चुकला नाही. मीरदादला त्या हाताचं फार वाटायचं. पिंडीत आपल्याला सलाम करणारा एक माणूस आहे, ही गोष्ट त्याने घरी सफूरालाही सांगितली होती, आणि त्या वळणावर तो पाचही सूर पूर्ण वाजवायचा, एकही गाळायचा नाही. आज पूल उतरताना तो मनातून जरा खूश झाला. आज त्या माणसाला पूर्ण बघता येणार होतं.

आणि दिसला. बुटका, पांढऱ्या दाढीचा, मोच्याचा चामडी एप्रन बांधलेला म्हातारा. उजवा हात वर होता, त्यात साचा होता. डावा हात आडवा पसरलेला होता आणि त्या हातामागे मुली होत्या. निळ्या कुर्त्यातल्या, पांढऱ्या ओढण्यांतल्या, दप्तरं पाठीला लावलेल्या शाळेच्या लहान मुली, एकमेकींना ढकलत, रस्ता ओलांडायला टपलेल्या. एक पुढे सरकली तशी म्हाताऱ्याने तिला कोपराने मागे सारली, मान न वळवता. त्याची नजर गाडीवर होती. त्या नजरेत सलाम नव्हता. मुलींनी आधीच कानांवर हात ठेवले होते, रोजचं असल्यासारखं. मीरदादचा अंगठा हॉर्नवर होता, तो तिथेच राहिला. हॉर्न वाजला नाही. गाडी वळली, मागे रिक्षांची रांग होती, थांबायला जागा नव्हती, आणि म्हातारा बाजूच्या आरशात लहान होत गेला. मुली रस्ता ओलांडताना दिसल्या. एकीने कानांवरचे हात अजून काढले नव्हते.

पीरवधाईपर्यंत गाडी कोणी चालवली हे मीरदादला सांगता आलं नसतं. तो मोजायला बघत होता आणि मोजणं जमत नव्हतं. ज्या मुलींना पहिल्या वर्षी त्या हाताने अडवलं असेल त्यांची आता लग्नं झाली असतील. त्यांच्या मुली त्याच शाळेत असतील. आणि एवढ्या काळात एक माणूस रोज सकाळी हातातला जोडा खाली ठेवून उठला होता, कारण त्याला ठाऊक होतं की ही जी गाडी येते आहे ती आंधळी आहे. कोणी त्याला नेमलं नव्हतं. ज्याला ते कळायला हवं होतं तो वर बसून पाच सूर वाजवत होता. मीरदादला शरम वाटायला हवी होती, आणि वाटलीही, पण तिच्यापेक्षा मोठं काहीतरी वाटत होतं. दर्ग्याच्या उंबऱ्याशी आपोआप चप्पल काढावीशी वाटते तसं काहीतरी. आपण जिवंत आहोत, त्या मुली जिवंत आहेत, आपले हात स्वच्छ आहेत, आणि हे सगळं एका साच्यावर उभं आहे.

तवक्कलच्या कारखान्यात त्याला बघताच हशा पिकला. "या, या. टकली नवरी घेऊन आलात," तवक्कल म्हणाला. त्याच्या हातात कात्री होती आणि बोटांना लाल, हिरव्या चकाकत्या कागदाचे कपटे चिकटले होते. "भर बाजारातून उघडी आणलीस लाला? माझं नाव घालवलंस. ससाणा गेला ना? जाऊ दे. या वेळी वाघ लावतो. डोळे असे काढतो की समोरचा ब्रेकच मारेल."

"नको," मीरदाद म्हणाला.

"वाघ नको? मग मोर लावू."

"काहीच नको. काच राहू दे अशीच."

तवक्कलने कात्री खाली ठेवली. बाजूला चहा पिणारा एक ड्रायव्हर हसून म्हणाला, "बरोबर आहे त्याचं. ताज, जंगला, साखळ्या, वाघ. नाकापेक्षा मोती जड झालाय त्या गाडीला." तवक्कलने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तो मीरदादकडेच बघत होता. दुखावला होता. "काय झालं? माझ्या कामात खोट निघाली?"

"खोट नाही रे. मला एक माणूस दिसला."

"कोण माणूस?"

"वळणावरचा. पायांसकट दिसला."

"पायांसकट माणसं बघायची असतील तर टांगा चालव," तवक्कल म्हणाला. "लाला, ट्रकच्या काचेची एक अब्रू असते. सफूराला मी काय सांगू? तिच्या नवऱ्याची गाडी विधवेसारखी फिरते म्हणून? उद्या काही बरं-वाईट झालं तर माझी बहीण मला विचारेल, तू भाऊ असून काच उघडी कशी सोडलीस." सफूराही हेच म्हणेल हे मीरदादला माहीत होतं. त्याने खिशातली झालर काढली, उगाच चाचपली आणि परत ठेवली. शेवटी तवक्कलच नरमला. "उद्या मंडीत माल उतरवून ये. दुपारी मी वाघ तयार ठेवतो. तोवर हौस फिटेल तुझी." म्हणजे एक सकाळ हातात होती. ती म्हाताऱ्याला द्यायची, थांबायचं, मुलींना आधी जाऊ द्यायचं, मला आता दिसतं असं त्याला दाखवायचं, आणि मग वाघाचं काय ते ठरवायचं, असं मनाशी घोकत मीरदाद कारखान्यातल्या खाटेवर आडवा झाला. त्याला बरं वाटत होतं. आपण काहीतरी मोठं करणार आहोत असं वाटत होतं, आणि म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर त्याला आत्तापासूनच हसू दिसत होतं.

सकाळी पूल उतरताना त्याने वेग इतका कमी केला की मागचा रिक्षावाला शिव्या द्यायला लागला. हात वर झाला. दुसरा हात आडवा झाला. मीरदादने वळणाच्या पुष्कळ अलीकडे गाडी थांबवली, काचेतून हसला आणि मुलींना जा म्हणून खूण केली. कोणी हललं नाही. म्हाताऱ्याचा हात खाली आला नाही. मीरदादने पुन्हा खूण केली. मग खिडकीतून मान बाहेर काढली. "चाचा, सोडा त्यांना. मी थांबलोय."

"तू थांबलायस म्हणून मी सोडू?" म्हातारा म्हणाला. आवाज बारीक होता पण धारदार. "पुढे हो. माझी कामं पडलीत."

"मला दिसतंय आता. काच बदललीय, बघा."

"काच बदलली म्हणून दृष्टी आली. वा." म्हाताऱ्याने साचा असलेला हात थोडा खाली केला. "आणि भोंगा काय झाला? बिघडला? रोज सकाळी माझ्या आई-बहिणीचा उद्धार करायचास ना त्या भोंग्याने?"

मीरदादला क्षणभर कळेना. "तो सलाम होता, चाचा. तुमच्या सलामाचं उत्तर."

"माझा सलाम?" म्हातारा हसला नाही, पण त्याची दाढी हलली. "मला वाटायचं तू शिव्या देतोस. मग मीही द्यायचो. रोज. उधारी ठेवली नाही." मागच्या मुली तोंडावर ओढणी धरून हसू लागल्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "शरफू बाबा फार घाण शिव्या देतात." शरफूने तिच्या टाळक्यात टपली मारली, मुलींना जागचं हलू नका म्हणून दरडावलं, आणि तो एकटाच रस्त्यात उतरला. तो सरळ गाडीच्या समोर आला. मीरदाद त्याला बघत होता; आधी पूर्ण, मग कमरेपासून वर, मग नुसती पांढरी टोपी, आणि मग काहीच नाही. बॉनेटच्या पुढे जबरखानचा बंपर होता, बंपरवर जंगला होता, जंगल्यात पितळेचे दोन मोर होते आणि त्यांच्यापलीकडे रिकामा रस्ता होता. नवी काच होती, वर सगळं आकाश होतं, आणि म्हातारा नव्हता. मीरदादने मान उंच केली, डावीकडे वाकून बघितलं, उजवीकडे वाकून बघितलं. इंजिन घरघरत होतं. मग दोन मोरांच्या मधून साचा धरलेला एक हात वर आला आणि तसाच उभा राहिला.

मीरदादने इंजिन बंद केलं. तो खाली उतरला. पुढे आला तर शरफू बंपरला पाठ लावून उभा होता, शांतपणे, उन्हात बसल्यासारखा. "एवढा मी आहे," तो म्हणाला. "त्या तर माझ्या खांद्यालाही लागत नाहीत. बस इथे खाली. बस ना, लाजतोस काय." मीरदाद उकिडवा बसला आणि त्याने मान वर करून आपल्या गाडीकडे बघितलं. ती त्याने हजारदा धुतली होती. पण तो या ठिकाणी कधी बसला नव्हता. बंपरचं लोखंड त्याच्या कपाळापाशी होतं, थंड, काळं, एकही पोचा नसलेलं. त्याच्यावर जंगला, जंगल्यावर मोर, मोरांवर आरसे, आरशांवर ताज, आणि हे सगळं इतकं उंच आणि इतकं सुंदर होतं की क्षणभर आपण खाली कशाला बसलोय तेच तो विसरला. या एवढ्या सगळ्यात माणसाची जागा कुठे होती ती त्याने शोधली. ती इथून दिसत नव्हती. उस्तादची छाती आणि हे लोखंड, यांच्यामध्ये काय घडलं असेल ते त्याला आज, इतक्या वर्षांनी, कपाळाला कळलं. त्याने बंपरवर हात ठेवला. डोळ्यांना लावला नाही.

"दुपारी मी हा काढायला लावतो," तो म्हणाला. शरफूने ऐकलं की नाही कोण जाणे. तो मुलींकडे परतला होता आणि त्याचा साचा मध्येच फुटपाथवर घरंगळला होता, तो उचलायला वाकला होता. मागे रिक्षा, टांगे, सायकली सगळ्यांनी एकच कल्ला मांडला होता. गाडी बंद होती, रस्ता या बाजूने तरी मोकळा होता, आणि मुली निघाल्या. मीरदाद त्यांच्याबरोबर चालू लागला, रस्त्याच्या मध्यापर्यंत, आणि वळणापलीकडून त्याला आधी चकाकी दिसली, मग ताज दिसला. समोरून एक गाडी येत होती. नवीकोरी, दोन ताजांची, काचेवर आडवा पसरलेला वाघ आणि त्याच्या पंजाखाली एक पट्टी. पट्टीमागे कोणीतरी असणार. मीरदादने उजवा हात जेवढा वर जाईल तेवढा वर केला, आणि डावा आडवा पसरला, आणि त्यावर मुलींची दप्तरं येऊन आदळली.

समोरच्या गाडीने वेग कमी केला नाही. तिने आनंदाने हॉर्न वाजवला, पाचही सूर, एकही न गाळता. मीरदाद हात वर करून उभा राहिला. त्याच्या मागे मुलींनी कानांवर हात ठेवले.